नवीन फोन घेतलाय? जुना अजून कुणाला देऊ नका

दसरा-दिवाळीच्या सेलनंतर आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येतं. हातात नवीन फोनचा डबा, तोंडावर टेन्शन, आणि म्हणणं एकच, "दादा, जुन्यातलं सगळं यात टाकून द्या." आम्ही विचारतो, जुना कुठंय? तर तो गेला एक्सचेंजमध्ये. डिलिव्हरीवाला दारात उभा, त्याला पुढच्या ऑर्डरची घाई, तो म्हणाला रिसेट मारा आणि यांनी मारला. आता राहिलं काय, तर गुगलवर जे चढलं असेल तेवढंच, आणि ते किती चढलंय हे कधी कुणी बघितलेलंच नसतं.

मागे एक किराणावाले काका आले होते. उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो ते रोज रात्री व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवायचे, वही भिजली-बिजली तर असावं म्हणून. आयडिया चांगलीच होती. फोन बदलला, जुना दारातच दिला, आणि नवीन फोनात व्हॉट्सॲप उघडलं तर चॅट सव्वा वर्षापूर्वीच थांबलेलं. गुगलची जागा तेव्हाच फुल झाली होती, बॅकअप तेव्हापासून होतच नव्हता, नोटिफिकेशन येत होतं पण असली नोटिफिकेशन वाचतं कोण. शेवटी वहीच कामाला आली.

म्हणून आमचं पहिलं सांगणं, नवीन फोन हातात आला तरी जुना पंधरा दिवस कपाटात ठेवा, पुसू नका, विकू नका, पोरांना गेम खेळायला देऊ नका. एक्सचेंजच करायचं असेल तर डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी सगळा बॅकअप घ्या आणि तो खरंच झालाय का हे घरातल्या दुसऱ्या फोनवर नाहीतर कॉम्प्युटरवर उघडून बघा. दारात उभं राहून हे होत नाही.

आधी जीमेलचा पासवर्ड

अँड्रॉइड फोनचं सगळं गाडं गुगल अकाउंटवर चालतं आणि निम्म्या लोकांना आपला जीमेल आयडीच माहीत नसतो. यात चूक आमचीही आहे, दहा वर्षांपूर्वी फोन विकताना आम्हा दुकानदारांनीच पटापट अकाउंटं उघडून दिली, पासवर्ड काय ठेवला ते ना आम्ही लिहिलं ना तुम्ही. जुना फोन चालू आहे आणि त्यात ते अकाउंट लॉगिन आहे तोवर पासवर्ड बदलणं त्यातल्या त्यात सोपं असतं, बऱ्याचदा स्क्रीन लॉक टाकून किंवा त्याच फोनवर आलेलं 'हो, मीच आहे' दाबून काम होतं. फोन गेला आणि रिकव्हरीला दिलेला नंबर पण बंद पडलेला, मग मात्र अवघड आहे. तेव्हा नवीन फोन घ्यायच्या आधीच सेटिंग्जमध्ये जाऊन आयडी बघा, पासवर्ड नवा ठेवा, रिकव्हरी नंबर चालू असलेला टाका आणि घरच्या डायरीत लिहून ठेवा. फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी नको, असे पण महाभाग आहेत.

फुकटची जागा १५ जीबी आहे आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं एकत्र मोजलं जातं. १ जून २०२१ पासून फोटो त्यात मोजायला लागले आणि आता अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप पण त्यातच धरतात. ॲपलच्या आयक्लाउडवर तर फुकट फक्त ५ जीबी. म्हणजे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ साठवणाऱ्याची जागा कधी संपेल ते सांगायलाच नको.

व्हॉट्सॲप

जुन्या फोनातल्या व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. तिथे शेवटचा बॅकअप कधी झाला ते दोन ठिकाणी दिसतं, लोकल आणि गुगल. लोकलपुढे आजची तारीख असते, ती बघून लोक खूश होतात, पण लोकल म्हणजे त्याच फोनच्या पोटातली कॉपी, रात्री दोनच्या सुमारास आपोआप होते, फोन गेला की तीही गेली. तुम्ही बघायचंय ते गुगलच्या पुढचं. तिथे 'कधीच नाही' असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका, जुना फोन हातात आहे ना, मग बॅकअपचं हिरवं बटण दाबा आणि वायफायवर निवांत होऊ द्या. व्हिडिओ पण हवे असतील तर खालचा 'व्हिडिओ समाविष्ट करा' हा खटका चालू करायला विसरू नका.

तिथेच एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप (म्हणजे कुलूप लावलेला बॅकअप) असं काहीतरी चालू दिसलं तर मात्र थांबा. त्याचा पासवर्ड किंवा ६४ अक्षरांची की तुमच्याकडे नसेल तर तो बॅकअप नवीन फोनात उघडणारच नाही, आमच्याकडून नाही आणि व्हॉट्सॲपकडूनही नाही. आठवत नसेल तर जुन्या फोनातून ते आधी बंद करा आणि नव्याने बॅकअप घ्या.

गुगलला जागाच नसेल तर दुसरा रस्ता आहे आणि आम्हाला तोच जास्त आवडतो. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये चॅट्सच्या खाली 'ट्रान्सफर चॅट्स' आलंय. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, वायफाय आणि लोकेशन चालू, नवीन फोनात त्याच नंबरने व्हॉट्सॲप सुरू केलं की क्यूआर कोड येतो, तो जुन्या फोनने स्कॅन करायचा. माल थेट इकडून तिकडे, मध्ये गुगल नाही. फक्त दोन्ही फोन अँड्रॉइड पाहिजेत, नाहीतर दोन्ही आयफोन.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताय तर गुपचूप डबा फोडून फोन सुरू करून बसू नका. प्ले स्टोअरवरचं 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲप हे काम करतं, व्हॉट्सॲपसकट, पण आयफोन अगदी कोरा असताना, पहिल्यांदा सेट करतानाच. एकदा सगळं सेट करून आठ दिवस वापरून आणलात तर आम्हाला तो पुन्हा पुसायला लागतो आणि मग त्या आठ दिवसांतलं जातं. आयफोनवरून अँड्रॉइडला येतानाही केबल लावून हे पहिल्या सेटअपमध्येच करून घेतलेलं बरं.

नंबर

'रमेश दूध', 'गॅस नवीन', 'पाटील प्लंबर २' हे नंबर कुठे सेव्ह आहेत हे कुणालाच माहीत नसतं. काही सिममध्ये, काही फोनमध्ये, काही गुगलवर, काही फोनच्या कंपनीच्या अकाउंटवर. सिममध्ये साधारण अडीचशेच्या आसपासच नंबर मावतात आणि लांब नाव असेल तर कापलं जातं, मग 'सुनंदा मावशी सातारा' आणि 'सुनंदा मावशी सासवड' दोघी एकच होऊन बसतात. सोपा उपाय असा, कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे नंबर एक्सपोर्ट करा, एक फाइल तयार होते, ती स्वतःला मेल करा आणि मग तीच गुगल अकाउंटमध्ये इम्पोर्ट करा. डबल झालेले नंतर 'मर्ज' करता येतात.

फोटो, आणि एक खड्डा

केबलने ट्रान्सफर हे सगळ्यात खात्रीचं. नवीन फोन पहिल्यांदा सुरू करताना तोच विचारतो, जुन्यातून कॉपी करायचं का, तेव्हा 'स्किप' दाबायचं नाही. सॅमसंगचं स्मार्ट स्विच, शाओमीचं मी मूव्हर अशी कंपन्यांची ॲपं पण आहेत, चांगली चालतात. केबल मात्र डेटावाली हवी, इअरबडच्या डब्यात येते ती छोटी पांढरी केबल बऱ्याचदा नुसती चार्जिंगची असते आणि लोक अर्धा तास ती लावून बसतात. दोन्ही फोन निम्म्याच्या वर चार्ज ठेवा, फोटो खूप असतील तर दीड-दोन तास सहज लागतात, बाजार करून आलात तरी चालेल.

आता खड्डा. गुगल फोटोजमध्ये कॅमेऱ्याचे फोटो चढतात, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचा फोल्डर आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय चढत नाही. लग्नाचे निम्मे फोटो व्हॉट्सॲपवरच आलेले असतात, ते बघा. आणि त्याहून मोठी गंमत, नवीन फोनात फोटो दिसायला लागले की माणूस जुना रिकामा करायला घेतो आणि गुगल फोटोज उघडून तिथूनच सगळे सिलेक्ट करून डिलीट मारतो. ते दोन फोनांतले दोन वेगळे फोटो नसतात हो, दोन्हीकडे दिसतोय तो गुगलवरचा एकच, इकडून उडवला की तिकडूनही उडतो. असं झालंच तर लगेच ट्रॅशमध्ये जा, बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस पडून असतात. सातबारा, पॉलिसी, मुलांचे दाखले यांचे फोटो एका पेनड्राइव्हवर वेगळे काढून ठेवा, ते काम पाच मिनिटांचं आहे.

कॉल रेकॉर्डिंग कुठल्याच बॅकअपमध्ये आपोआप येईल असं धरू नका, तो फोल्डर हाताने कॉपी करावा लागतो.

बँक आणि यूपीआय

ॲप नवीन फोनात येतं पण कोरं येतं, हे बरोबरच आहे, ती सुरक्षा आहे. बँकेत जो नंबर आहे त्याचं सिम नवीन फोनात पाहिजे आणि त्यातून एक मेसेज बाहेर जातो, त्यासाठी रिचार्ज संपलेला नको. दोन सिम असतील तर ॲप विचारेल कुठलं, तिथे बरोबर निवडा, दहातले पाच जण इथेच अडकतात. यूपीआय पिन जुनाच चालतो. फोन बदलल्यावर पहिला एक दिवस बऱ्याचदा पाच हजारांपर्यंतच पैसे पाठवता येतात, त्यामुळे हफ्ता भरायच्या दिवशी फोन बदलू नका.

आणि त्याच दिवशी सिमही बदलू नका. नवीन सिमकार्ड घेतलं की नियमाप्रमाणे त्यावर पहिले २४ तास मेसेज बंद असतात, म्हणजे ओटीपी नाही, म्हणजे काहीच नाही. इ-सिम करून घेतानाही हेच धरून चाला.

पिन आणि ओटीपी स्वतः टाका. आमच्या दुकानातल्या पोराने विचारला तरी सांगायचा नाही, आणि त्याने विचारला तर आम्हाला सांगा.

फुटलेला फोन

डिस्प्ले दिसतोय पण टच मेलाय, असा फोन फेकू नका. दीडशे रुपयांचा ओटीजी (फोनला माउस जोडायची छोटी पिन) आणि कॉम्प्युटरचा साधा माउस लावला की स्क्रीनवर बाण येतो, त्याने पॅटर्न ओढता येतो. मागच्या पावसाळ्यात एका मावशींचा फोन असाच उघडला, बाण बघून त्या म्हणाल्या, "अगंबाई, हा तर कॉम्प्युटर झाला!" मेमरी कार्ड असेल तर ते काढून दुसरीकडे लागतं, पण कार्ड 'इंटरनल', म्हणजे फोनचीच मेमरी म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर ते त्याच फोनात वाचलं जातं, दुसरीकडे रिकामं दिसतं. तिथे कुणी फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा.

पंधरा दिवसांनी पुसताना

आधी यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडा. मग स्क्रीन लॉक काढा, गुगल अकाउंट रिमूव्ह करा आणि सगळ्यात शेवटी फॅक्टरी रिसेट. हा क्रम चुकला तर रिसेट झाल्यावर फोन जुनं जीमेल मागतो आणि घेणारा माणूस तुमच्या दारात परत येतो. आयफोनला 'फाइंड माय' बंद करून ॲपल आयडीतून साइन आउट करायचं. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर दिसतो, तो विकण्याआधी लिहून ठेवा आणि घेणाऱ्याकडून एका कागदावर सही घ्या.

आमच्याकडे येताना दोन्ही फोन, डब्यातली केबल, जीमेलचा पासवर्ड आणि दोन तास वेळ आणा. फोन आमच्याकडचा असेल तर ट्रान्सफर फुकट, बाहेरचा असेल तर दोनशे रुपये, आणि डेटा आला नाही तर पैसे नाहीत. शनिवारी बाजारामुळे गर्दी असते, मधल्या वारी दुपारी या. सोमवारी बंद.