परभणीच्या पिनकोडचे अवयव

छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड ४३१००१. अंकांची बेरीज ९, त्यामुळे ९ ने भाग जाणारच. भागाकार ४७८८९, त्यालाही ९ ने भाग जातो. शेवटी ३⁴ × १७ × ३१३ एवढं उरतं. शाळेतल्या कसोट्या इथे पुरतात.

परभणीचा ४३१४०१ मात्र चिवट. २, ३, ५, ७ असं ओळीने भागत गेलात, तर पहिल्या ७६ मूळ संख्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. इथे सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती वापरून पाहावी. दिलेली संख्या अ² − ब² अशी लिहिता आली, की (अ − ब) आणि (अ + ब) हे तिचे अवयव.

४३१४०१ चं वर्गमूळ ६५६ च्या थोडं पुढे, म्हणून अ = ६५७ पासून सुरुवात. ६५७² = ४३१६४९; त्यातून आपली दिलेली संख्या वजा केली की २४८. पूर्ण वर्ग नाही. अ एकेकाने वाढवत नेला तर ९३ वेळा हेच करावं लागतं. पण आधी चाळणी लावा. ४३१४०१ ला ४ ने भागून बाकी १ येते, म्हणून अ विषमच हवा. ३ ने भागूनही बाकी १. अ ३ च्या पटीत घेतला तर ब² ला ३ ने भागून बाकी २ येईल, आणि तशी बाकी कुठल्याच वर्गाला येत नाही. अ च्या एककस्थानी ३ किंवा ७ असेल तर वजाबाकीच्या शेवटी ८ येतो. ८ ने संपणारा वर्ग नसतो. आता उरतात फक्त १९ प्रयत्न. एकोणिसावा ७४९:

५६१००१ − ४३१४०१ = १२९६०० = ३६०²

अवयव ३८९ आणि ११०९, दोन्ही मूळ.

मोठ्या संख्यांत कॅल्क्युलेटरच्या वर्गमुळावर विसंबू नका. पडद्यावर अंक कमी पडले की अपूर्णांक गायब होतो. आलेल्या पूर्णांकाचा वर्ग करून पडताळा.

नांदेडच्या ४३१६०१ वर ही युक्ती फसते. ३ काढून उरलेल्या १४३८६७ चे अवयव ४७ आणि ३०६१, एकमेकांपासून फार लांब. चाळणीशिवाय ११७५ प्रयत्न. साध्या भागाकारात ४७ ही पंधरावीच मूळ संख्या! म्हणून आधी शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं, मग फर्मा. आरएसए या सांकेतिक पद्धतीत ६१७ अंकी संख्या वापरतात. तिथेही दोन मूळ अवयव फार जवळचे निघाले, तर हीच जुनी युक्ती त्यांना झटक्यात वेगळं करते.