क्रेडिट कार्डाच्या करारात लवाद कसा शिरला

अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डांच्या करारात सर्रास आढळणाऱ्या सक्तीच्या लवादाला, म्हणजे तंटा न्यायालयात न नेता खासगी पंचाकडेच नेण्याच्या अटीला, आधार आहे तो १९२५ च्या फेडरल आर्बिट्रेशन ॲक्टचा. तो झाला मुख्यतः व्यापाऱ्यांच्या आपसातल्या तंट्यांसाठी. १९८४ मध्ये साउथलँड विरुद्ध कीटिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यांच्या न्यायालयांनाही लागू केला आणि लवादाला आडवे येणारे राज्यांचे कायदे लुळे पडले.

बँक ऑफ अमेरिकाने १९९२ मध्ये बिलाच्या पाकिटात चिठ्ठी टाकून जुन्या खातेदारांच्या करारात असे कलम घातले. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९९८ मध्ये ते फेटाळले: अटी बदलण्याची मुभा म्हणजे खातेदाराच्या ध्यानीमनी नसलेली नवी अट घुसवण्याची मुभा नव्हे. पण बऱ्याच बड्या बँकांच्या कार्डांना डेलावेअरचा कायदा लागतो, आणि त्या राज्याने १९९९ मध्ये कायदाच बदलून केवळ नोटिशीवर कलम घालण्याची वाट मोकळी केली.

ग्यानबाची मेख मात्र लवादात नाही, त्याच कलमातल्या सामूहिक दाव्याच्या बंदीत आहे. वीस-तीस डॉलरच्या चुकीच्या आकारणीसाठी एकटा माणूस भांडत नाही. हजारो जण एकत्र आले तरच वकील मिळतो. २०११ च्या कन्सेप्शन खटल्यात मोबाइलवरच्या ३०.२२ डॉलर विक्रीकराचा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही बंदी वैध ठरवली.

त्याआधी २००९ मध्ये नॅशनल आर्बिट्रेशन फोरम या लवाद संस्थेवर, वसुली कंपन्यांशी छुपे संबंध असल्याच्या आरोपावरून, मिनेसोटाच्या महाधिवक्त्यांनी दावा लावला. काही दिवसांतच संस्थेने ग्राहकांचे तंटे घेणे सोडले. ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०१७ मध्ये सामूहिक दावे रोखणाऱ्या कलमांवर बंदी आणली. सिनेटने ५१–५० मतांनी, उपाध्यक्ष पेन्स यांच्या निर्णायक मताने, ती उडवली. त्यासाठी वापरलेल्या कायद्यामुळे ब्युरोला जवळपास तसाच नियम पुन्हा करता येत नाही, त्यासाठी नवा कायदाच लागेल.

चेस बँकेने मध्यंतरी काढून टाकलेले लवादाचे कलम २०१९ मध्ये परत आणले, खातेदाराला त्याला नकार कळवायला मुदत देऊन. अशी मुदत अनेक करारांत असते, पण थोडीच, आणि नकार बहुधा टपालानेच सहीनिशी पाठवावा लागतो. नाव, पत्ता, खाते क्रमांक यांतले काही राहिले की तो बाद होऊ शकतो. कार्ड बंद केल्याने सुटका होत नाही. खाते मिटल्यावरही कलम लागू राहील, असे करारातच लिहिलेले असते.