आधी सुधारणा, मग क्षमा? नाही, मुलांनो

‘आधी नीट वाग, मग देव क्षमा करील’ हे वाक्य कित्येक किशोरवयीन मुलांच्या मनात इतकं घट्ट बसलेलं असतं, की ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, उपासनेतही ती स्वतःला अपात्र समजतात. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, उलट सांगतं. येशूला अटक झाली त्या रात्री महायाजकाच्या (मुख्य धर्मगुरूच्या) अंगणात, कोळशांचा विस्तव पेटलेला असताना, त्याचा शिष्य पेत्र याने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत येशूला तीनदा नाकारलं. पेत्राने काही भरपाई करण्याआधीच, येशू पुन्हा उठल्यावर, त्याच्या रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळाला: शिष्यांना आणि पेत्राला सांगा (मार्क 16:7). नाव घेऊन! योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात पुन्हा तसाच विस्तव आहे, आणि येशू पेत्राला तीनदा फक्त प्रीतीबद्दल विचारतो.

अपराधी वाटणं थांबलं नाही, म्हणजे क्षमा मिळालीच नाही, हाही गैरसमजच. तिसऱ्या प्रश्नाने पेत्र दुःखी झाला होता. त्याच क्षणी त्याच्यावर येशूची मेंढरं, म्हणजे त्याचे अनुयायी, सोपवली गेली.