होडीतून पाणपक्ष्यांचे छायाचित्रण (मुंबई)

मुंबईच्या खाड्यांतील आणि किनाऱ्यालगतचे बगळे, फ्लेमिंगो, कुरव (सीगल) इत्यादी पक्षी होडीत बसून टिपण्याचा छंद. ठाणे खाडी हे त्याचे मुख्य क्षेत्र. येथे काठावर तिवरांची दाट रांग आणि तिच्यापुढे पाय रुतणारा चिखल असल्याने जमिनीवरून पक्षी दिसले तरी ते दूर आणि फांद्यांआड राहतात. चालत येणाऱ्या माणसाला पाहून लगेच उडणारा बगळा संथ होडीला मात्र बराच जवळ येऊ देतो. होडी पाण्याला टेकून असल्याने कॅमेराही पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो, हा आणखी एक फायदा.

खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाली. पक्षिदर्शनाच्या होड्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून आणि भांडुप पंपिंग स्टेशनजवळून सुटतात. नोव्हेंबर ते मे हा हंगाम. लहान रोहित, म्हणजे छोटा फ्लेमिंगो, उन्हाळ्यातही बऱ्याच संख्येने असतो.

या छंदात लेन्सइतकेच पंचांग उपयोगी पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो; खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते, एवढे धरून चालावे. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी भरपूर, पण भरती ऐन दुपारी येते आणि सूर्योदयाला खाडी रिकामी असते. दशमी ते द्वादशीला भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते; प्रकाश आणि पाणी दोन्ही जुळणारे हेच दिवस. सुट्टी पाहून होडी ठरवणारे नेमके हेच विसरतात. खाडी दक्षिणोत्तर असल्यामुळे सकाळी ऊन पाठीवर घेऊन भांडुप-विक्रोळीकडचा काठ टिपावा. पंचमी-षष्ठीला भरती दुपारी उशिरा येते, तेव्हा ऐरोलीकडचा काठ उजळलेला असतो.

पूर्ण भरतीला बगळे तिवरांवर नुसते बसून असतात. पाणी उतरू लागले, चिखलाची पहिली कड उघडी पडली की ते खाली येतात आणि खरी शिकार सुरू होते. नेमकी तेव्हाच तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, परतायची घाई असते, कारण पाणी गेले की होडी चिखलात बसते. हाती असतो तो एवढाच वेळ. त्यात छोटा हिरवा बगळा मुळांशी मान आखडून निश्चल बसतो आणि अनेकदा होडी पुढे गेल्यावरच ध्यानात येतो. मातकट वंचक (तळ्याकाठी दिसणारा बगळा) उडाला की एकदम पांढरे पंख उघडतो. समुद्री बगळा पायाने पाणी ढवळून मासे हुसकावतो, मधेच धावतो. तो पाटीसारखा काळसर, गळ्याशी पांढरा. त्याचे पांढरे रूपही असते आणि त्याची छोट्या पांढऱ्या बगळ्याशी हमखास गल्लत होते. अशा वेळी चोचीची जाडी आणि रंग स्पष्ट दाखवणारे साधे छायाचित्र देखण्या छायाचित्राहून मोलाचे ठरते.

होडीत ट्रायपॉड निरुपयोगी, कारण मशीनची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात उतरते. कॅमेरा हातातच धरावा, कोपर अंगाशी ठेवावे, आणि उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाचा 1/2000 किंवा त्याहून जलद असावा. गडद चिखलापुढचा पांढरा बगळा कॅमेऱ्याला फसवतो: कॅमेरा चिखलाला उजळवतो आणि पिसांचा तपशील पांढऱ्या डागात विरतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, अर्धा ते एक स्टॉप (प्रकाशाचे माप) कमी ठेवतात. हिवाळ्यातल्या धुरकटपणावर महागड्या लेन्सचाही इलाज नाही. अंतर कमी करणे हाच उपाय, पण त्यालाही मर्यादा आहे. फ्लेमिंगोंनी खाणे थांबवले, माना उंचावल्या आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले की होडी तिथेच थांबवावी. उडत्या थव्याच्या हव्यासापायी त्यांना उठवणे हे छायाचित्रण नव्हे, त्रास देणे आहे. पक्षी खातात त्या वेळा मोजक्या असतात आणि त्या पाण्याने ठरवलेल्या असतात.

समुद्राच्या बाजूला गेटवेहून मांडवा आणि घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर वेगळाच प्रकार चालतो. हिवाळ्यात कुरवांचे थवे लाँचमागे लागतात, कारण प्रवासी त्यांना गाठिया आणि वेफर्स टाकतात. छायाचित्रे सहज मिळतात, पण तळलेले खारे खाणे हा कुरवांचा आहार नव्हे. कोणी काही न टाकताही लाँचच्या मागे घुसळलेल्या पाण्यावर कुरव आणि सुरय (टर्न) येतात. तिथे थोडा धीर धरावा लागतो. पावसाळ्यात मांडव्याची वाहतूक बंद असते आणि घारापुरीची हवामानावर अवलंबून असते. तेव्हा समुद्री बगळा टिपायचा तर वांद्र्याच्या खडकाळ किनाऱ्यावरून, ओहोटी पाहून.