नकाशावरचे बाण आणि तोंडातली दाढ

मानवी स्थलांतराचा धडा आला की वर्गात जगाचा नकाशा टांगला जातो आणि आफ्रिकेतून निघालेले जाडजूड बाण चहूकडे धावू लागतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की कुणीतरी सामान बांधून ऑस्ट्रेलियाला निघालं आणि पोहोचलं. हे बाण मला खटकतात. निघालेल्यांना ऑस्ट्रेलिया ठाऊकच नव्हता.

त्याऐवजी एक गणित घालावं. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांचे बहुतेक पूर्वज साधारण 60,000 वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडले आणि 50,000 वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात माणसं होती. अंतर दहा हजार किलोमीटरहून जास्त. भागाकार केला की उत्तर येतं, वर्षाला एक-दीड किलोमीटर! म्हणजे बहुतेकांना आपण कुठे ‘निघालो’ आहोत असं कधी वाटलंही नसेल. शिकार कमी झाली, पाणी आटलं, पोरं मोठी झाली की मुक्काम थोडा पुढे सरकायचा. शेवटचा टप्पा तेवढा निराळा. हिमयुगात समुद्र खाली गेला तरी आशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधलं पाणी कधीच पूर्ण आटलं नाही, तेव्हा ते तराफ्यावरून किंवा होडीतूनच ओलांडावं लागलं.

एवढं सांगितल्यावर एखादं मूल विचारेलच, ‘हे कशावरून?’ या प्रश्नासाठी तास खुशाल लांबू द्यावा, कारण उत्तर मुलांच्या तोंडातच आहे. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास उगवते, पण तिच्यावरचं कडक एनॅमल जन्मापासून तीनेक वर्षांतच तयार होतं. त्या काळात प्यायलेल्या पाण्यातला ऑक्सिजन आणि खडकांतून माती, पिकं यांच्यामार्फत पोटात आलेलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्यात कायमचं राहतं. या दोन्हींतल्या हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण जागेगणिक वेगळं असतं. हाडं आयुष्यभर झिजतात, नव्याने भरतात. एनॅमल बदलत नाही. त्यामुळे दाढेतली मूलद्रव्यं आणि पुरलेल्या जागेची माती जुळली नाही, तर तो माणूस लहानपणी दुसरीकडे होता हे कळतं.

इंग्लंडमध्ये स्टोनहेंजजवळ 2002 मध्ये असाच एक सांगाडा सापडला. हा माणूस सुमारे 4,300 वर्षांपूर्वीचा. थडग्यात बाणांची टोकं होती म्हणून त्याला तिरंदाज म्हणतात. दातांतला ऑक्सिजन सांगतो की त्याचं बालपण थंड प्रदेशात, बहुधा आल्प्सच्या परिसरात गेलं. शिवाय त्याच्या डाव्या गुडघ्याला वाटी नव्हती. मग तो एवढ्या लांब आला कसा? आधी मुलांनाच तर्क करू द्यावेत.

एक खबरदारी मात्र घ्यावीच. ‘तुमचं घराणं मूळचं कुठलं?’ हा गृहपाठ देऊ नये. वर्गात युद्धामुळे किंवा पुरामुळे घर सुटलेलं मूल असू शकतं, दत्तक मूल असू शकतं. ज्याला सांगायचं आहे ते आपणहून सांगेल. बाकीच्यांना रताळ्याचा माग काढायला द्यावा. दक्षिण अमेरिकेतलं हे पीक युरोपीय जहाजं येण्याआधीच पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर लावलं जात होतं.