मानसिक आजार, नोकरी आणि चाळीस टक्क्यांची अट : पार्श्वभूमी

मनोरुग्णालयातील हातमाग, शिवणकाम आणि बागकाम ही परंपरा वसाहतकाळापासूनची असली, तरी त्या कामाला कोणी नोकरी म्हणत नसे. अमेरिकेत १९८० च्या दशकात 'आधी प्रशिक्षण, मग नोकरी' हा क्रम उलटवण्यात आला. व्यक्तीला प्रथम खुल्या बाजारातील नोकरीवर रुजू करायचे आणि तिथेच तिला शिकवायचे, ही साहाय्यित रोजगाराची कल्पना १९८६ च्या कायदादुरुस्तीने सरकारी निधीस पात्र ठरली. ती आरंभी प्रामुख्याने बौद्धिक दिव्यांगांसाठी होती. तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी तिची स्वतंत्र पद्धत १९९० च्या दशकात न्यू हॅम्पशायर राज्यात आकाराला आली. तीत नोकरी शोधून देणारा कार्यकर्ता उपचार करणाऱ्या पथकातच बसतो आणि काम करण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट असते.

भारतात मात्र या प्रश्नाचा प्रवास आरक्षणाच्या वाटेने झाला, आणि आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाच्या व्याख्येत मानसिक आजाराला स्थान दिले. परंतु सरकारी नोकऱ्यांतील तीन टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग अशा तीन गटांना एकेक टक्का वाटून संपवले. मानसिक आजार असलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने अपंग होती, पण राखीव पदापुरती नव्हती. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केल्यानंतर कायदा बदलणे अपरिहार्य झाले. तरीही नवा कायदा होण्यास २०१६ चा डिसेंबर उजाडला. त्यात आरक्षण चार टक्के झाले आणि चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांना मिळून देण्यात आला. एका टक्क्यात इतक्या भिन्न गरजा कोंबण्यामागे कोणते गणित होते, याचे समाधानकारक उत्तर कायद्याच्या मजकुरात सापडत नाही.

खरा वाद मात्र टक्क्यांच्या दुसऱ्या हिशोबाचा आहे. राखीव पदासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि मानसिक आजाराच्या बाबतीत ते मोजण्यासाठी २००० च्या दशकाच्या आरंभी अधिसूचित झालेली मोजपट्टी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही कायम ठेवण्यात आली. स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण दिले जातात; अडचण जितकी जास्त, तितके गुण जास्त. त्यांत आजाराच्या कालावधीचे एक ते चार गुण मिळवले जातात. बेरीज सात झाली की चाळीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडला जातो. चार वर्षे आजारी असलेल्या व्यक्तीला कालावधीचे दोन, संबंधांचा एक, संवादाचा एक आणि काम सुटल्यामुळे कामाचे तीन गुण मिळाले, तर ती पात्र ठरते. तीच व्यक्ती कोणाच्या तरी सोबतीने कामावर टिकली आणि कामाचे गुण तीनवरून एकवर आले, की बेरीज पाच होते आणि पात्रता जाते. अनेकांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असल्याने ही फेरतपासणी केवळ कल्पनेतली नाही. काम करता येत नाही हे सिद्ध केल्यावर कामाची संधी देणारी ही रचना साहाय्यित रोजगाराच्या मूळ विचाराशी विसंगत आहे. नोकरीसाठी पात्रता आणि निवृत्तिवेतनासारख्या लाभांसाठी पात्रता एकाच आकड्याला बांधण्याचा निर्णय प्रशासनाला सोयीचा असेलही. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना तो सोयीचा ठरलेला नाही.

पदनिश्चितीतही, म्हणजे दिव्यांगांसाठी योग्य पदे ठरवतानाही, हाच साचा दिसतो. जानेवारी २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या अशा पदांच्या यादीत प्रत्येक पदापुढे बसणे, उभे राहणे, चालणे, पाहणे, ऐकणे, वाचणे व लिहिणे अशा शारीरिक गरजा नोंदवल्या आहेत. रात्रपाळीतून सूट, औषधांच्या वेळांशी जुळणारे कामाचे तास, आजार उफाळल्यास रजा आणि परतल्यावर हळूहळू वाढवता येणारे काम, या गोष्टी त्या साच्यात बसत नाहीत. कायद्यातील 'वाजवी सोय', म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार योग्य ते बदल करून देणे, या तरतुदीखाली त्या मागता येतात. परंतु त्या कोणी मागायच्या, मालकाशी कोणी बोलायचे आणि ही मध्यस्थी करणाऱ्याचा पगार कोणी द्यायचा, याविषयी कायदा मौन बाळगतो. अनेक ठिकाणी ही जबाबदारी स्वयंसेवी संस्थांवर आणि त्यांना मिळणाऱ्या देणग्यांवर पडते. खासगी आस्थापनांना समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे, पण पाच टक्के दिव्यांग कर्मचाऱ्यांचे उद्दिष्ट १९९५ प्रमाणेच २०१६ मध्येही प्रोत्साहनापुरतेच राहिले.

नोकरीत असताना आजार झालेल्यांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. सेवेदरम्यान दिव्यांगत्व आल्यास सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, ही तरतूद १९९५ पासूनच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, शिस्तभंगाच्या कारवाईला कारणीभूत ठरलेल्या वर्तनामागे मानसिक आजार हा एक घटक असला तरी कायद्याचे संरक्षण लागू होते, असे म्हटले आणि गरज पडल्यास शस्त्र हाताळावे न लागणारे पद देण्याचा मार्ग खुला ठेवला. अर्थात हा अधिकारी आधीच सेवेत होता आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र होते. जे अजून बाहेर उभे आहेत, त्यांना या निर्णयाचा थेट उपयोग नाही.