‘समृद्धीची सुवार्ता’ आली कुठून?

1947 साल. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या ईनिड गावात ऑरल रॉबर्ट्स नावाचे एक तरुण पाळक सकाळी बस गाठायच्या गडबडीत होते. रोजचे वाचन राहिले म्हणून ते परत फिरले, बायबल उघडले, आणि नजर गेली ती योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या दुसऱ्या वचनावर. तुझा जीव जसा सुस्थितीत आहे, तसे सगळ्या बाबतीत तुझे बरे चालो आणि तुला आरोग्य लाभो, असे त्यात लिहिले आहे. आपल्या माणसांनी खाऊनपिऊन सुखी, निरोगी असावे हीच देवाची इच्छा आहे, असे त्या सकाळी उमगल्याचे रॉबर्ट्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्यानंतर लवकरच त्यांच्या दारात नवी कोरी ब्यूक गाडी आली. त्या वचनाचा पडताळा म्हणून तिचाही उल्लेख ते करत.

आता ते वचन मुळात काय आहे, ते पाहू. गायस नावाच्या स्नेह्याला लिहिलेल्या छोट्याशा पत्राची ही सुरुवात. त्या काळच्या ग्रीक पत्रांत असे क्षेमकुशल चिंतायची रीतच होती. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या साध्या घरगुती पत्रांतही अशा शुभेच्छा आढळतात. आपल्याकडे ‘येथील क्षेम, तेथील क्षेम लिहीत जावे’ असे लिहायचे, त्याच जातीचे हे वाक्य. विश्वास ठेवणाऱ्याला देव आरोग्य आणि पैसा देतोच, या शिकवणीला ‘समृद्धीची सुवार्ता’ म्हणतात. पत्राच्या मायन्यातून देवाचे असे आश्वासन कसे निघाले, याच्या मागे मात्र बराच मोठा इतिहास आहे.

समृद्धी हा देवाचा आशीर्वाद, ही कल्पना काही अमेरिकेची नव्हे. जुन्या करारात ती आहेच. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्याच्या टोपलीला, परातीला, शेताला आणि गुरांना आशीर्वाद सांगितला आहे. पण ते आश्वासन एकट्यादुकट्याला दिलेले नाही, ते अख्ख्या राष्ट्राला आहे, आणि त्याच अध्यायात शापांची यादी आशीर्वादांपेक्षा कितीतरी लांब आहे. शिवाय त्याच ग्रंथसंग्रहात ईयोब बसला आहे. नीतिमान असूनही त्याचे सर्वस्व जाते, आणि ‘तुझ्याच पापाचे हे फळ’ म्हणून त्याला समजावायला आलेल्या मित्रांना शेवटी देवाचे बोल खावे लागतात. गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्या श्रीमंतांवर आमोस हा संदेष्टा तुटून पडतो. नीतिसूत्रांत एक जण मागणे मागतो, की मला दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, पुरेशी भाकर दे. एकाच बायबलमध्ये ही सगळी माणसे एकमेकांशी वाद घालत आहेत, आणि प्रत्येक काळाने त्यांतला आपल्या सोयीचा आवाज उचलला.

सुरुवातीच्या मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समुदायाने, उचलला तो येशूचा, श्रीमंत तरुणाला ‘असेल ते विकून गरिबांना दे’ असे सांगणारा. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अँटनीने हे वाक्य चर्चमध्ये ऐकले, वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि अखेरीस वाळवंट गाठले. ख्रिस्ती संन्यासपरंपरेतले हे आद्य नाव. अर्थात सगळ्यांना हे झेपणारे नव्हते. त्याच्या काही दशके आधी अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने खास श्रीमंतांसाठी एक प्रबंध लिहून धीर दिला होता, की पैसा टाकायची गरज नाही, पैशाची आसक्ती टाका. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकियात दुष्काळ पडला, तेव्हा कैसरियाच्या बेसिलने कोठारवाल्यांना असे सोपे सुटू दिले नाही. तुम्ही साठवलेली भाकर भुकेल्याची आहे, हे त्याने तोंडावर सांगितले आणि शहराबाहेर रुग्णालय व अन्नछत्र उभे केले. पुढची हजार वर्षे चर्चची अधिकृत भूमिका या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिली. सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारायचे, असे 1179 मध्ये चर्चच्या लॅटरन परिषदेने ठरवले. 1323 मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी मात्र येशू आणि प्रेषितांच्या मालकीचे काहीच नव्हते, हे म्हणणे पाखंड ठरवले. त्याचा रोख दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या असिसीच्या फ्रान्सिसच्या कडव्या अनुयायांवर होता.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर चित्र पालटले ते वेगळ्याच कारणाने. मठ गेले, आणि रोजचा कामधंदा हीच देवाची सेवा ठरली. या नीतीचा भांडवलशाहीशी संबंध जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी 1904-05 मध्ये मांडला आणि त्यावर आजही भांडणे होतात. माझ्या मते या गुंत्याचा वेबरपेक्षा चांगला साक्षीदार म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथ उभारणारे जॉन वेस्ली. मिळवता येईल तेवढे मिळवा, वाचवता येईल तेवढे वाचवा, देता येईल तेवढे द्या, हे त्यांच्या प्रवचनाचे सूत्र. स्वतः ते तसेच वागत. वर्षाला तीस पौंड मिळत तेव्हा अठ्ठावीस पौंडांत भागवून दोन दान केले. मिळकत वाढत गेली तरी खर्च अठ्ठावीसच ठेवला, बाकीचे दिले. म्हातारपणी मात्र त्यांना घोर लागला. धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी करतो, त्यातून पैसा येतो, आणि पैशाबरोबर गर्व येऊन धर्म आटतो, असे त्यांनी 1786 मध्ये लिहून ठेवले. सूत्राचे पहिले दोन भाग मेथडिस्टांनी मनापासून पाळले होते, तिसरा मागे पडत होता.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन ओढे एकत्र आले. एक रसेल कॉनवेल यांच्यासारख्या उपदेशकांचा. फिलाडेल्फियाचे हे बॅप्टिस्ट पाळक श्रीमंत होणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, असे एकाच गाजलेल्या व्याख्यानातून हजारो वेळा सांगत फिरले. दुसरा ओढा ‘न्यू थॉट’ या विचाराचा. मनात जे पक्के धराल ते प्रत्यक्षात येते, आजार हा चुकीच्या विचाराचा परिणाम आहे, असे त्याचे सांगणे. फिनियस क्विंबी हे त्याचे आद्य गुरू. ई. डब्ल्यू. केनयन हे उपदेशक बॉस्टनमध्ये ज्या वक्तृत्व महाविद्यालयात शिकले तिथे याच विचाराचे वारे होते. विश्वासाने बोललेल्या शब्दात सामर्थ्य असते, हे केनयन यांचे प्रतिपादन उपदेशक केनेथ हेगिन यांनी जवळजवळ जसेच्या तसे घेतले आणि 1974 मध्ये ओक्लाहोमात ‘रेमा’ बायबल विद्यालय काढून जगभर पोचवले. आपल्याकडच्या प्रार्थनासभांत ‘कबूल करा, दावा करा’ असे ऐकू येते, त्याचे मूळ इथे सापडते.

हे बी रुजले ते बहुतांशी पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती चळवळीच्या, जमिनीत, आणि त्या जमिनीचा एक वाफा पुणे जिल्ह्यातल्या केडगावचा आहे, हे मराठी वाचकांनी तरी विसरू नये. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांतून वाचवलेल्या मुली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये होत्या. 1905 मध्ये तिथे मोठी आत्मिक जागृती झाली. तिचा वृत्तांत रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी पुस्तिकेत लिहिला. ती चिलीतल्या वालपराइसोला पोचली, आणि 1909 मध्ये तिथे पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. रमाबाईंनाही ठरावीक अनुदानाचा आधार नव्हता, त्याही प्रार्थना आणि देणग्यांवरच विसंबून होत्या. पण त्या प्रार्थनेने जे आले ते धान्य, विहिरी, छापखाना आणि माग यांत गेले, आणि मुली स्वतःच्या हातांनी कमावायला शिकल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या या माणसाला श्रीमंतीचा आशीर्वाद समजावणे अवघडच गेले असते.

1947 नंतरची गोष्ट वेगाने घडली. रॉबर्ट्स 1950 च्या दशकात दूरचित्रवाणीवर आले, तुल्सामध्ये विद्यापीठ काढले. देणगी हे ‘विश्वासाचे बी’, पेराल तर देव अनेक पटींनी देईल, ही मांडणी त्यांचीच. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, हे देवाचे देणे होते, आता ती गुंतवणूक झाली, आणि या परंपरेतला खरा सांधा मला इथे बदललेला दिसतो. 1987 मध्ये ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला उचलून नेईल, असे त्यांनी जाहीर केले. रक्कम जमली. त्यांतले तेरा लाख फ्लोरिडातल्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या एका मालकाने दिले होते. 1989 मध्ये टीव्ही उपदेशक जिम बॅकर फसवणुकीत दोषी ठरले. तुरुंगात येशूचे शब्द नव्याने वाचल्यावर आपली शिकवण चुकीची होती, असे त्यांनी पुढे पुस्तकात कबूल केले.

हे सगळे ढोंग म्हणून झटकून टाकायला सोपे आहे. पण सेऊलमध्ये 1958 मध्ये डेव्हिड योंगी चो यांनी तंबूत मंडळी सुरू केली, तेव्हा समोर युद्धाने उद्ध्वस्त झालेली, उपाशी माणसे होती. चो स्वतः क्षयातून उठलेले. त्यांनी तेच योहानाच्या तिसऱ्या पत्रातले वचन घेऊन आत्मा, देह आणि व्यवहार असा ‘तिहेरी आशीर्वाद’ शिकवला. परलोकाच्या आश्वासनावर वर्षानुवर्षे जगवलेल्या लोकांना देव भाकरीचाही विचार करतो हे ऐकणे नवे होते. ती मंडळी जगातल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक झाली. 2014 मध्ये मंडळीच्या पैशाच्या अपहारात चो दोषी ठरले, शिक्षा स्थगित ठेवली गेली. नायजेरियात ओटा इथे 1999 मध्ये हीच शिकवण देणाऱ्या एका मंडळीचे पन्नास हजार आसनांचे सभागृह उभे राहिले, तिथेही भोवतालची परिस्थिती फार निराळी नव्हती.

टीका बाहेरूनच आली असे नाही. हेगिन यांनी 2000 मध्ये, मृत्यूच्या तीन वर्षे आधी, पुस्तक लिहून आपल्याच शिष्यपरंपरेतल्या पैशाच्या अतिरेकावर कोरडे ओढले. अमेरिकी सिनेटर चक ग्रासली यांनी 2007 मध्ये टीव्हीवरून उपदेश करणाऱ्या सहा धर्मसंस्थांचे हिशेब मागितले, ती चौकशी 2011 मध्ये कोणालाही दंड न होता मिटली. घानातल्या अक्रोपोंगला 2008 आणि 2009 मध्ये जमलेल्या आफ्रिकी धर्मपंडितांचे निवेदन मला यांत सर्वांत प्रामाणिक वाटते. ही शिकवण गरिबी आणि हताशेतून फोफावते, हे त्यांनी मान्य केले. देवाच्या सामर्थ्यावर आणि कष्टांवर ती देत असलेला भर स्वीकारला. आणि मग माणसाची आध्यात्मिक स्थिती त्याच्या पैशावरून मोजायला, तसेच गरीब राहिलेल्याला ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असे म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. ईयोबाच्या मित्रांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.